पिंजऱ्यातील पाखराचे खेळणे : करमणूक आणि काळजी

शेतकऱ्याच्या घरी गाय, म्हैस, कोंबड्या, कुत्रा, मांजर ही नेहमीचीच मंडळी. त्यांच्या जोडीला हल्ली पुष्कळ घरांच्या ओसरीवर एखादा पिंजराही टांगलेला दिसतो. मुलांच्या हट्टाखातर शहरातून पाखरांची जोडी आणली जाते. पहिले काही दिवस तिचे फार कौतुक होते. मग कोणी पिंजऱ्यात घुंगरू बांधतो, कोणी आरसा लावतो, कोणी गोणीची सुतळी सोडून झोका करून देतो. आणि एके दिवशी सकाळी पाखरू पिंजऱ्याच्या तळाशी पडलेले आढळते. "थंडी बाधली", "नजर लागली", "ही जातच नाजूक" असे काहीतरी बोलून आपण परसात खड्डा खणतो. मूल मात्र "कशाने मेले?" म्हणून विचारत राहते आणि त्याला उत्तर देता येत नाही.

पुष्कळदा ते उत्तर पिंजऱ्यातच टांगलेले असते. आपण प्रेमाने दिलेले खेळणेच पाखराच्या जिवावर उठलेले असते. म्हणून या पाठात खेळणे कसे निवडावे, घरी कसे करावे, कसे तपासावे आणि अपघात झाला तर पहिल्या काही मिनिटांत काय करावे, एवढे पाहू.

कोणता पोपट पाळावा?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्या शेतात ज्वारी-मक्यावर उतरणारा, गळ्याला कंठ असलेला हिरवा पोपट घरी पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. पिल्लू घरट्यातून काढणे, विकणे, विकत घेणे हे सर्व त्यात आले. तेव्हा या पाठातील पोपट म्हणजे पिंजऱ्यातच पिढ्यान्‌पिढ्या वाढलेले परदेशी जातीचे लहान पोपट होत.

त्यांतला सर्वांत परिचित म्हणजे बजरीगर. आपल्याकडे बहुतेक लोक यालाच "लव्हबर्ड" म्हणतात, पण खरा लव्हबर्ड हा आफ्रिकेतला, आखूड शेपटीचा निराळा पक्षी आहे. बजरीगर मूळचा ऑस्ट्रेलियाचा. जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञाने १८४० साली तो जिवंत इंग्लंडात नेला आणि तेथून तो जगभर पसरला. त्याचे वजन अवघे ३० ते ४० ग्रॅम असते. दुसरा कॉकटील, तोही ऑस्ट्रेलियाचाच; डोक्यावर तुरा, गालावर नारिंगी ठिपका आणि वजन ८० ते १०० ग्रॅम. आफ्रिकन ग्रे, मकाव असे मोठे परदेशी पोपट पाळणाऱ्यांना मात्र २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारकडे त्यांची नोंद करावी लागते. बजरीगर व कॉकटील यांना ती लागत नाही.

खेळणे हवेच कशाला?

रानातल्या पोपटाचा सारा दिवस उडण्यात, दाणा शोधण्यात आणि साली, फांद्या कुरतडण्यात जातो. पिंजऱ्यात दाणा वाटीत तयार असतो, उडायला जागा नसते आणि चोचीला काम नसते. रिकामा पोपट मग किंचाळतो, पिंजऱ्याच्या तारा चावत बसतो, कधी स्वतःचीच पिसे उपटतो. बैलाला दावणीला नुसते बांधून ठेवले तर तो जसा बिघडतो, तसाच हा प्रकार. म्हणून खेळणे ही चैन नव्हे, ती पाखराची गरज आहे. प्रश्न एवढाच, की ते खेळणे कसे असावे.

यासाठी दोन साधे नियम पाठ करून ठेवावेत.

पहिला नियम चोचीचा : जे चोचीने तुटते, ते पोटात जाईल असे समजावे.

दुसरा नियम पायाचा : जेथे नख शिरते, तेथे नख अडकेल असे समजावे.

पोपटाच्या पायाला दोन बोटे पुढे व दोन मागे असतात. त्याने तो फांदी पक्की धरतो, पण एखाद्या दोऱ्यात बोट गुंतले की ओढून ओढून तो दोरा अधिकच आवळून घेतो. खाली दिलेले बहुतेक सर्व धोके या दोन नियमांत बसतात.

धोका पहिला : दोरा व सुतळी

शेतकऱ्याच्या घरी सुतळी, काथ्या, नायलॉनची दोरी यांना तोटा नसतो. म्हणून पहिला झोका त्याचाच होतो. सुतळी चावून तिचे धागे सुटतात. सुटलेला धागा बोटाभोवती गुंडाळला गेला की रक्त थांबते, बोट सुजते, काळे पडते आणि पुढे झडूनही जाते. रात्री कोणाच्या लक्षात आले नाही तर पाखरू उलटे लटकून, धडपडून प्राण सोडते. गिळलेले धागे गळ्याजवळच्या अन्नपिशवीत साठून त्यांचा गोळा होतो व अन्नाची वाट बंद होते.

नायलॉनचा धागा तर कातडीत रुततो आणि तुटतही नाही. तो पिंजऱ्यात मुळीच वापरू नये. सुती दोरी वापरायचीच तर जाड, घट्ट पिळाची व आखूड असावी आणि तिचे टोक पिंजू लागताच ती कात्रीने कापावी किंवा फेकून द्यावी. दोरीचा मोकळा फास कधीही ठेवू नये, कारण त्यात मान अडकते. दुकानात मिळणारी लोकरी, मऊ कापडाची घरटीही याच कारणाने टाळावीत.

धोका दुसरा : कड्या, साखळ्या व घुंगरे

किल्ल्या अडकवायच्या दुहेरी कडीच्या फटीत चोच किंवा नख शिरते आणि सुटत नाही. दाबून उघडायच्या कपड्याच्या चिमट्यासारख्या आकड्यांचेही तेच. बारीक साखळीच्या दुव्यात बोट अडकते. खेळणे टांगण्यासाठी पेच फिरवून बंद होणारी स्टेनलेस स्टीलची कडी सर्वांत चांगली.

वर्तुळाकार कडी झोक्यासाठी द्यायची असेल तर तिचे भोक इतके मोठे हवे की पाखराचे सारे अंग सहज आरपार जाईल, नाहीतर इतके लहान हवे की डोकेही आत जाणार नाही. डोके जाते पण खांदे जात नाहीत, असे माप घातक. पिंजऱ्याच्या गजांनाही हाच न्याय लावावा. बजरीगरासाठी दोन गजांमधले अंतर अर्ध्या इंचाहून, म्हणजे सुमारे १२ मिलिमीटरहून, अधिक नसावे.

बैलाच्या गळ्यातल्या माळेचे घुंगरू पिंजऱ्यात बांधण्याची हौस पुष्कळांना असते. त्या घुंगराच्या खालच्या चिरेत चोचीचे टोक किंवा नख अडकते आणि पाखरू घाबरून फडफडते. उघड्या तोंडाची घंटा त्या मानाने बरी, पण तिची लोळी पक्की बसवलेली व स्टीलची असावी. कॉकटील सैल लोळी उपटून गिळू शकतो.

धोका तिसरा : जस्त व शिसे

हा धोका डोळ्यांना दिसत नाही, म्हणून अधिक वाईट. कुंपणाची व कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी गंजू नये म्हणून तिला जस्ताचा मुलामा दिलेला असतो. नव्या जाळीवर त्या जस्ताचे थेंब व पापुद्रे राहिलेले असतात. कोंबडी ते चावत बसत नाही, पोपट मात्र चोचीने खरवडून गिळतो. घरी जाळी आणून पिंजरा केला आणि नवीन पिंजऱ्यात घातलेले पाखरू थोड्याच दिवसांत आजारी पडले, तर पहिला संशय जाळीवर घ्यावा. अशी जाळी वापरणे भागच असेल तर ती व्हिनेगर व ताठ ब्रशने घासून, पाण्याने स्वच्छ धुऊन, काही दिवस ऊन-पावसात ठेवून मगच वापरावी. याने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही.

शिसे त्याहून विषारी. ते कोठे असते? मासे धरण्याच्या जाळ्याच्या वजनात, जुन्या पिंजऱ्याच्या डाख दिलेल्या सांध्यात आणि जुन्या दारे-खिडक्यांच्या रंगाच्या पोपड्यांत. भारत सरकारच्या २०१६ च्या नियमांनी घरगुती रंगांतील शिशावर दहा लाख भागांत ९० भाग अशी मर्यादा घातली आणि ती नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. परंतु त्याआधी रंगवलेल्या फळ्या आजही आपल्या घरांत आहेत. जुन्या खिडकीची फळी कापून पाखराला खेळणे करून देऊ नये.

धातूच्या विषबाधेची लक्षणे अशी : पाखरू पिसे फुलवून गप्प बसते, दाणा ओकते, फार पाणी पिते, विष्ठा पातळ व गर्द हिरवी किंवा रक्तमिश्रित होते, पायांत बळ राहत नाही, दांडीवरून पडते, झटके येतात.

धोका चौथा : विषारी लाकूड व बिया

परसातली कोणतीही फांदी तोडून पिंजऱ्यात घालू नये. कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, रुई, शेर, धोतरा व एरंड ही झाडे विषारी आहेत. लालभडक गुंजा मण्यांसारख्या ओवण्याचा मोह होतो, पण गुंजेचे विष तिच्या कवचाच्या आत असते आणि कवच फोडणे हेच तर पोपटाच्या चोचीचे काम! बटर फ्रूट म्हणून लावतात त्या अॅव्होकॅडोचे फळ, पान व फांदी तिन्ही या पाखरांना घातक आहेत. औषध फवारलेल्या बागेतली फांदी आणि पेरणीसाठी औषध चोळलेले रंगीत बियाणे यांना पिंजऱ्याजवळही आणू नये.

धोका पाचवा : आरसा व प्लास्टिक

एकटा बजरीगर आरशातल्या प्रतिबिंबालाच जोडीदार समजतो, त्याला दिवसभर घास भरवू पाहतो आणि पोटातला दाणा पुन्हा पुन्हा ओकून टाकतो. शिवाय आरशामागचा चंदेरी लेप तो खरवडतो. आरशापेक्षा खरा जोडीदार बरा. मुलांच्या मोडक्या खेळण्यांचे पातळ प्लास्टिक, रबर, फुगे हेही देऊ नये. त्यांचे तुकडे होतात व ते गिळले जातात.

घरच्या घरी चांगली खेळणी

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग द्यायचे तरी काय? शेतकऱ्याला यासाठी दुकानात जाण्याची गरज नाही.

१. पेरू, शेवगा किंवा तुती यांची औषध न फवारलेली ताजी फांदी, स्वच्छ धुऊन, सालीसकट द्यावी. साल सोलण्यात पाखराचा सारा दिवस जातो. वेगवेगळ्या जाडीच्या फांद्या दांडी म्हणून लावल्या तर पायांनाही व्यायाम होतो.

२. मक्याच्या कणसाचे दोन-तीन इंचांचे तुकडे किंवा ज्वारीचे, बाजरीचे भरलेले कणीस टांगावे. ज्वारीचे कोवळे फुटवे मात्र देऊ नयेत. ते खाऊन जनावरे कशी दगावतात हे शेतकऱ्यास सांगणे नको.

३. नारळाच्या करवंटीवरचे सर्व केस काचेने किंवा कोयत्याने खरवडून ती गुळगुळीत करावी, कडा घासाव्यात व मोठे भोक पाडून टांगावी. आत दोन दाणे ठेवले की पाखरू ते शोधत राहते.

४. बांबूच्या कांड्यांचे लहान तुकडे घासून, धसे काढून, स्टीलच्या जाड तारेत ओवावेत व तारेचे टोक आत वळवून घ्यावे.

५. साध्या कोऱ्या कागदाची पुडी करून तीत चार दाणे गुंडाळावेत. कागदाला टाचणी किंवा स्टेपलची तार नसावी.

खेळणे पाखराच्या आकाराचे असावे. बजरीगराचे बारीक खेळणे कॉकटील क्षणात मोडतो, आणि मोठ्या पोपटाच्या जाड साखळीत बजरीगर अडकतो.

कसे टांगावे व केव्हा तपासावे

एका पिंजऱ्यात एका वेळी दोन-तीन खेळणी पुरेत. पाखराला दोन्ही पंख पूर्ण पसरता आले पाहिजेत. दाण्या-पाण्याच्या भांड्यावर काही टांगू नये. नवे खेळणे एकदम आत न घालता दोन दिवस पिंजऱ्याबाहेर, पाखराला दिसेल असे ठेवावे. त्याची भीती मोडल्यावर आत लावावे आणि पहिल्या दिवशी घरात कोणी असतानाच लावावे. दर आठवड्याला एक खेळणे काढून दुसरे घालावे, म्हणजे जुनेही पुन्हा नवे वाटते.

कॉकटील रात्री अंधारात एकाएकी दचकून पिंजऱ्यात वेड्यासारखा फडफडतो. त्या वेळी मध्यभागी लोंबणाऱ्या खेळण्यावर तो आपटतो. म्हणून रात्री झोके व लोंबती खेळणी काढून ठेवावीत आणि जवळ मंद दिवा असू द्यावा.

आठवड्यातून एक वार ठरवून पिंजरा तपासावा. हे काम घरातल्या एका मुलाकडे सोपवावे. प्रत्येक खेळणे हातात घेऊन धागा सुटला आहे का, कडी उघडली आहे का, तुकडा निघाला आहे का, गंज चढला आहे का, हे पाहावे. शंका आली तर टाकून द्यावे. नांगराचा पेच सैल झाला तर आपण तसाच नांगर चालवीत नाही. इथेही तीच शिस्त.

नाताळातील विशेष खबरदारी

नाताळात घर सजवताना पिंजराही सजवावासा वाटतो. चमचमत्या झिरमिळ्या, काचेचे गोळे, लहान घंट्या आणि विजेच्या दिव्यांची माळ पिंजऱ्याला किंवा त्याच्या आवाक्यात लावू नये. झिरमिळी गिळली जाते आणि चालू तार चावली तर पाखरू जागीच मरते. याच दिवसांत स्वयंपाकघरात रात्रंदिवस शेगडी चालू असते. न चिकटणारा लेप असलेला तवा रिकामा तापून त्याचा धूर निघाला तर काही मिनिटांत पाखरे मरतात. पिंजरा स्वयंपाकघरापासून दूरच असावा.

अपघात झाला तर

पाखरू अडकले असेल तर ओढू नये. एकाने मऊ फडक्यात पाखरू हलकेच धरावे. त्याची छाती दाबू नये, कारण छातीचे हाड हलले तरच पक्षी श्वास घेऊ शकतो; माणसासारखा पडदा त्याच्या पोटात नसतो. दुसऱ्याने नखे कापण्याच्या लहान कात्रीने दोरा किंवा खेळणे कापावे, पाखरू नव्हे. बोटावर दोरा रुतला असेल व दिसत नसेल तर घरी कोरत बसू नये, पशुवैद्याकडे न्यावे.

रक्त येत असेल तर स्वच्छ कापसाने पाच मिनिटे दाबून धरावे. नख तुटले असेल तर त्याच्या टोकाला मक्याचे बारीक पीठ दाबावे. बजरीगराच्या सर्व अंगात मिळून तीन-चार मिलिलिटर रक्त असते, म्हणजे चहाचा एक चमचाही भरत नाही. म्हणून "थोडेच रक्त गेले" असे म्हणू नये.

दोरा गिळला असेल व त्याचे टोक तोंडातून किंवा मागून बाहेर दिसत असेल तर ते ओढू नये. आतडे कापले जाते. तेल, दूध, दारू काही पाजू नये. पाखराला लहान खोक्यात, अंधारात, ऊब देऊन ठेवावे. त्यासाठी कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका बाजूस ठेवावी. धातूचा संशय असेल तर उशीर करू नये. खेळण्याचा उरलेला तुकडा बरोबर न्यावा. एक्स-रेमध्ये धातू दिसतो आणि तो शरीरातून उतरवणारी इंजेक्शने आहेत, पण ती वेळेवर मिळाली तरच उपयोग. जवळचा कोणता पशुवैद्य पक्षी तपासतो याची चौकशी पाखरू धडधाकट असतानाच करून ठेवावी.

आपले व कोंबड्यांचे आरोग्य

खेळण्यावर विष्ठा वाळते. ती कोरडी झाडली की धूळ श्वासात जाते. पोपटांपासून माणसाला होणारा सिटाकोसिस नावाचा फुप्फुसाचा रोग अशा धुळीतून पसरतो. म्हणून खेळणी ओली करून, गरम पाणी व साबणाने धुवावीत, उन्हात कडकडीत वाळवावीत आणि हात स्वच्छ धुवावेत. घरात पाखरे असून कोणाला ताप, डोकेदुखी व कोरडा खोकला लांबला तर डॉक्टरांना पाखरांविषयी आवर्जून सांगावे. या रोगावर औषध आहे. तसेच राणीखेत हा रोग कोंबड्यांना होतो तसा पोपटांनाही होतो. पिंजऱ्यातील खेळणी, दांड्या, भांडी खुराड्यात किंवा खुराड्यातली पिंजऱ्यात नेऊ नयेत.

समारोप

पिंजऱ्यातले पाखरू आपल्या मर्जीने तेथे आलेले नाही. वाईट फांदी सोडून चांगलीवर जाऊन बसण्याची मोकळीक त्याला नाही. आपण जे टांगू, त्यावरच त्याला बसायचे व तेच त्याला चावायचे. म्हणून निवडीची सगळी जबाबदारी आपल्यावर येते. आज संध्याकाळी मुलाला बरोबर घेऊन पिंजऱ्यासमोर पाच मिनिटे बसावे आणि प्रत्येक वस्तूकडे चोचीच्या व नखाच्या नजरेने पाहावे.

उजळणीसाठी प्रश्न

१. चोचीचा व पायाचा नियम कोणता?
२. नव्या जाळीचा पिंजरा का घातक ठरू शकतो?
३. अडकलेले पाखरू सोडवताना त्याची छाती का दाबू नये?
४. तुमच्या शेतात व परसात मिळणाऱ्या कोणत्या तीन वस्तूंची सुरक्षित खेळणी करता येतील?
५. तुमच्या पिंजऱ्यातून आजच काढून टाकण्याजोगी वस्तू कोणती?